व्याह्यांच्या हातचं शिंगरू

गाडीवानांच्या मांडीचं हाड मोडलं ते साखरेच्या डब्यापायी. चाळीस वर्षं घोड्यांच्या संगतीत काढली, लाथा हुकवल्या, चावे सोसले, एकदा तर गाडीसकट ओढ्यात गेले आणि टोपी न भिजवता वर आले. आणि पडले ते स्वयंपाकघरातल्या हातभर उंचीच्या स्टुलावरून. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, म्हणून बायकोने डबा वरच्या फळीवर ठेवला होता. डबा हाताला लागला, स्टूल पायाखालून गेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारी, "घोड्याने लाथ मारली का?" आणि गाडीवानांना प्रत्येकाला खरं उत्तर द्यावं लागे, कारण बायको शेजारीच बसलेली असे.

मांडीत सळई घातली होती. पाय तीन महिने जमिनीला टेकवायचा नव्हता. पण खरी अडचण पायाची नव्हती, दुधाची होती. गावाच्या वरच्या अंगाला चढणीवर नऊ गोठे होते. तिथलं दूध रोज सकाळी कॅनमधून खाली डेअरीत यायचं, आणि मधली दगडी गल्ली इतकी अरुंद की ट्रकने तोंड घालावं आणि तसंच मागे घ्यावं. ही फेरी गाडीवानांची. म्हातारी घोडी थंडीत गेली आणि मागे राहिलं तिचं तीन वर्षांचं शिंगरू. तीन वर्षांच्या घोड्याला खरं तर कोणी शिंगरू म्हणत नाही, पण घरातल्या धाकट्याला मिशा फुटल्या तरी बाळच म्हणतात, तसं ते. तांबडं, कपाळावर बोटभर पांढरं, आणि पाठीवर आजवर माशीखेरीज कोणी बसलेलं नाही. गाडीवानांनी त्याला म्होरकी घालून शेजारून चालायला शिकवलं होतं. गाडीला जुंपायचं राहिलं होतं, तेवढ्यात साखर आडवी आली.

डेअरीच्या साहेबांनी दीड महिना दिला. तोवर तीनचाकी टेम्पोवाला अर्ध्या चढापर्यंत जाणार आणि वरच्या बायका कॅन डोक्यावरून तिथवर आणणार. दीड महिन्याने साहेब स्वतः येऊन बघणार. शिंगराने भरलेली गाडी नऊ दारांवरून खाली आणली तर फेरी गाडीवानांची, नाहीतर कायमची टेम्पोवाल्याची. आणि फेरीच गेली तर शिंगरू पोसायचं कशावर? वीटभट्टीवाला दोनदा येऊन त्याचे पाय चाचपून गेला होता. भट्टीवर गेलेलं जनावर परत आलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं.

अशा वेळी व्याही भेटायला आले.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. बायको त्याआधीच गेली होती. घरी ते सकाळी वेळेवर दाढी करत, कडक इस्त्रीचा शर्ट घालत आणि दारात उभे राहून जाणाऱ्या बसला किती उशीर झाला ते बघत. जावई बंदरावर क्रेन चालवायचा, त्याला सुट्टी मिळत नव्हती. म्हणून चार दिवसांचे कपडे आणि सहा मोसंबी घेऊन कंडक्टर मुलीच्या सासरी आले.

"काय हे व्याही," ते खाटेशी बसत म्हणाले, "घोड्यावरून पडलात?"

गाडीवानांनी बायकोकडे पाहिलं. "स्टुलावरून."

"बरं झालं. घोडा जास्त उंच असतो."

व्याह्याने व्याह्याला काम सांगायचं नसतं. पाणी हवं असलं तरी 'आज ऊन फार आहे' इतकंच म्हणायचं. त्यामुळे दोन दिवस त्या घरात फक्त हवामानावर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी विहीणबाई चंदीचं घमेलं घेऊन तबेल्याकडे निघाल्या, वाटेत थांबल्या आणि भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "कंबर धरलीय मेली." भिंत जागची हलली नाही, तेव्हा कंडक्टरांना घमेलं घ्यावं लागलं.

शिंगराने भिजवलेले हरभरे खाल्ले आणि वर कंडक्टरांच्या शर्टाचं एक बटण खाल्लं. मग तबेल्याच्या दारात आडवं उभं राहिलं. कंडक्टरांच्या तोंडून आपसूक निघालं, "पुढे सरका. आत भरपूर जागा आहे."

शिंगरू पुढे सरकलं.

"व्याही," खिडकीतून गाडीवान म्हणाले, "आपल्याला जनावर मानतं हो."

चौथ्या दिवशी कंडक्टर परतीची बस बघायला न जाता चार दिवसांचे कपडे धुवायला बसले.

गाडीवानांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी होती. खिडकीसमोर अंगण, अंगणापुढे गल्ली, आणि शिकवणी तिथेच. आधी पाठीवर नुसतं पोतं, मग साज, मग मागून दोन लांब दोऱ्या धरून चालवणं, मग जुनं टायर ओढायला लावणं, मग रिकामी गाडी आणि शेवटी पाण्याने भरलेले कॅन. हा क्रम गाडीवानांनी खाटेवरून बोटांवर मोजून सांगितला. बाकीचं ते लागेल तसं, आणि व्याह्यांचा मान राखून सांगत.

"व्याही, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की."

"आपला पाय त्याच्या पायाखाली आहे."

"ते कळलंय मला," कंडक्टर दात आवळून म्हणाले. "काढायचा कसा ते सांगा."

"ढकलू नका. ढकललं की ते उलटं रेलतं. पोटाखाली खाजवा जरा."

कंडक्टरांनी खाजवलं. शिंगराने डोळे मिटले, सुस्कारा सोडला आणि सावकाश, उपकार केल्यासारखा पाय उचलला.

दोऱ्यांनी तळहात सोलून निघाले. संध्याकाळी मुलगी मलम लावून फडकी बांधायची. "अण्णा, या वयात हा उद्योग कशाला? दुसरं कोणी बघू."

"एकतीस वर्षं उभ्याने काढली. बसायची सवय नाही मला."

"म्हणून घोड्यामागे पळायचं?"

"बसमागे पळणारे पुष्कळ पाहिलेत मी. कसे दिसतात ते मला ठाऊक आहे. त्यापेक्षा हे बरं."

तिसऱ्या आठवड्यात शिंगरू टायर ओढू लागलं. दांड्यांमध्ये मागे सरकायचं, उभं राहायचं, चल म्हटलं की चालायचं, सगळं सरळ. अंगणात दोन चकरा, गल्लीत वीस पावलं, परत. येणारेजाणारे थांबून बघत. "कंडक्टर, हात आहे हो तुम्हाला," असं म्हणत. आठ महिने कंडक्टर घड्याळाकडे बघून जेवत होते. आता त्यांना भूक लागून जेवावंसं वाटे. गाडीवान मात्र खिडकीत बसून सारखं काहीतरी पुटपुटत असायचे.

"काही म्हणालात का?" कंडक्टर विचारत.

"नाही नाही. जप करतोय."

गाडीवानांना जप करताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पण मांडीत सळई गेली की माणूस देवाकडे वळतो, अशी घरात समजूत झाली.

सव्विसाव्या दिवशी रिकामी गाडी पहिल्यांदा लांब न्यायची ठरली. गल्लीच्या वळणावर सार्वजनिक नळ होता, तिथून पुढे खरा चढ. शिंगरू नळापर्यंत डौलात गेलं, वळणाला लागलं आणि थांबलं. कंडक्टर चल म्हणाले. मग चल रे म्हणाले. मग बाबा, राजा, सोन्या असं करत बऱ्याच नात्यांतून गेले. शिंगरू कान वळवून काहीतरी शोधत राहिलं, पाऊल काही उचलेना. ऊन चढलं. नळावरच्या बायकांच्या बादल्या भरून गेल्या, दुसऱ्या आल्या. टेम्पोवाला खालून आला, गाडीने वाट अडवलेली पाहून इंजिन बंद केलं आणि हनुवटी स्टिअरिंगवर टेकवून बसला.

"कंडक्टर," तो शेवटी म्हणाला, "विनातिकीट असेल. उतरवा."

बायका हसल्या. कंडक्टरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला. शेवटी गाडी हाताने वळवली. वळण ओलांडून घर दिसू लागलं मात्र, शिंगरू पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागलं, खिडकीसमोर येऊन आपणहून थांबलं.

मुलगी नळावरच होती. तिने घागर खाली ठेवली, घरात गेली आणि खिडकी लावून घेतली.

"आता हाका, अण्णा."

कंडक्टरांनी हाकलं. शिंगरू जागचं हललं नाही.

तिने खिडकी उघडली. "मामंजी, आता तुम्ही तुमचा जप करा."

गाडीवानांनी अंगणाकडे न बघता, ओठ न हलवता जीभ टाळ्याला लावली. च्क्. शिंगरू चालायला लागलं.

शिंगरू एकटंच अंगणात गोल फिरत होतं.

"कधीपासून?" कंडक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासून," गाडीवान चादरीला म्हणाले. "त्या दिवशी आपण ते 'पुढे सरका' म्हणालात ना, तेव्हाही. मुद्दाम नाही हो व्याही. ते चुकणार असं दिसलं की तोंडातून निघतं."

कंडक्टरांनी तळहातावरची फडकी सोडली, नीट घडी केली. "म्हणजे सव्वीस दिवस दोरीला मी बांधलेला होतो," ते म्हणाले. "शिंगरू मोकळंच होतं." आणि मागे जाऊन पाय धूत बसले. पाय स्वच्छ झाले तरी धूत बसले. विहीणबाईंनी चहा आणून शेजारी ठेवला, हवेबद्दल काही बोलायचा प्रयत्न केला आणि तशाच आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवानांनी सगळ्यांना बोलावलं. "माझी खाट मागे न्या," ते म्हणाले. "धान्याच्या खोलीत."

"तिथे काय आहे?" विहीणबाई म्हणाल्या. "पोती आणि उंदीर. खिडकीसुद्धा नाही."

"म्हणूनच. माझी जीभ मला आवरत नाही हे मला कळलंय. या वयात नवीन वळण लागायचं नाही तिला." मग ते कंडक्टरांकडे वळले. आजवर ते व्याह्यांकडे असं सरळ बघून बोलले नव्हते. "एकोणीस दिवस आहेत, व्याही. ते माझं राहिलं तर भट्टीवर जाईल. तुमचं झालं तर वाचेल. तुमचं करा."

खिडकी ही त्या माणसाची गेल्या महिन्याभरातली सगळी दुनिया होती. कंडक्टरांनी खाटेचा एक कोपरा धरला, मुलीने दुसरा, विहीणबाईंनी तिसरा. चौथ्याला माणूस नव्हतं, तेव्हा रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला टेम्पो उभा करून आत आला. "धंदा वेगळा, खाट वेगळी," असं म्हणून त्याने कोपरा उचलला, आणि दारात वळवताना सगळ्यांत जास्त सूचनाही त्यानेच दिल्या.

पहिले तीन दिवस शिंगरू रिकाम्या खिडकीशी जाऊन नाक आत घालायचं आणि खिंकाळायचं. मागच्या खोलीत ऐकू जायचं. उत्तर यायचं नाही. विहीणबाई एकदा कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "चादरीचं टोक चावून ओलं करतात. लाळ आहे म्हणतात. असेल. मी धुते आपली."

कंडक्टरांनी च्क् करून पाहिलं, पण त्यांच्या तोंडी ते पाल चुकचुकल्यासारखं येई. शिंगरू वर छताकडे बघे. मग एका सकाळी ते गाडीच्या फळीवर डोकं धरून बसले असताना त्यांच्या लक्षात आलं की एकतीस वर्षांत आपण एकही गाडी तोंडाने हाकलेली नाही. ड्रायव्हर पुढे, आपण मागे, मध्ये माणसांची भिंत; ओरडून उपयोग नसायचा, दांडीवर पंच वाजवायचा. तिकिटाचा पंच सवयीने अजून खिशात होता. त्यांनी तो काढला आणि फळीवर वाजवला. एक टक्, थांबा. दोन टक्, चला.

शिंगराचे दोन्ही कान मागे वळले.

नवीन आवाज नव्याने शिकवावा लागला. कंडक्टर एका हातात हरभरे आणि एका हातात पंच घेऊन अंगणापासून सगळं पुन्हा करू लागले. दोन टक्, चाललं की हरभरे. एक टक्, थांबलं की हरभरे. सहाव्या दिवशी ते हरभरे न घेता थांबलं. आठव्या दिवशी नळाचं वळण आलं. कंडक्टरांनी श्वास धरून दोनदा वाजवलं. शिंगराने जरासा विचार केला आणि गेलं. नळावरच्या एका बाईने हातातली बादली खाली ठेवून टाळी वाजवली, मग ओशाळून बादली उचलली.

रोज संध्याकाळी कंडक्टर धान्याच्या खोलीत पोत्यावर बसून हिशेब द्यावा तसं सगळं सांगत. कुठे थांबलं, कुठल्या कुत्र्याला बिचकलं, कुठल्या दारापाशी लीद टाकली. गाडीवान डोळे मिटून ऐकत आणि मध्येच एखादंच वाक्य बोलत.

"उतारावर थांबवू नका. उताराच्या आधी थांबवा."

"बरं."

"आणि बिचकलं तर काही करू नका."

"काही म्हणजे?"

"हात नाही, तोंड नाही, तुमचं ते टकटक नाही. आपण घाबरलो की त्याला वाटतं, खरंच काहीतरी आहे. नुसतं बसून राहा. फार अवघड असतं ते."

"बसायची मला सवय नाही," कंडक्टर म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय."

ठरल्या दिवशी साहेब आले. हातात वही, पायात पांढरे बूट. चढावरच्या शेणात ते पहिल्या गोठ्यापर्यंतच पांढरे राहिले. नऊ दारांवरचे बारा कॅन गाडीत चढले, साहेब कंडक्टरांशेजारी बसले आणि गाडी उतरू लागली. वळणं गेली, कुत्री गेली. शेवटच्या मोठ्या उतारापूर्वी कंडक्टरांनी एक टक् केलं, थांबवलं, पट्टे तपासले, पुन्हा दोन टक्. उतार निम्मा झाला आणि मागच्या कॅनचं झाकण निसटलं. दगडावर आपटलं, आपटलं, आणि घणघणत गाडीच्या पुढे जाऊन गोल फिरत राहिलं.

शिंगरू ताठ झालं. चारी पाय दगडांत रोवले, मान वर, नाकपुड्या फुललेल्या. मागून बारा कॅनचं वजन त्याच्या अंगावर रेललं होतं. मांड्यांचे स्नायू थरथरताना दिसत होते.

"हाका की," साहेब म्हणाले. त्यांनी फळी धरली होती.

कंडक्टर हलले नाहीत. पंच मुठीत होता, मूठ मांडीवर. त्यांच्या पायाच्या बोटांना घाम सुटला. शिंगरू आता आडवं वळलं तर गाडी, दूध, साहेब आणि ते स्वतः खालच्या भिंतीवर. पुढे उधळलं तरी तेच.

"अहो, काहीतरी करा."

"करतोय, साहेब," कंडक्टर हळू म्हणाले.

झाकण फिरून फिरून थांबलं. शिंगराने ते पाहिलं. मान एक वीत खाली आली. मग एक कान, फक्त डावा, सावकाश मागे वळला आणि कंडक्टरांकडे बघत राहिला.

टक् टक्.

शिंगराने झाकणाला वळसा घातला आणि चालू लागलं. डेअरीच्या दारात एक टक् होताच उभं राहिलं. साहेब उतरले, बूट पाहिले, वहीत लिहिलं. "फेरी तुमची," ते म्हणाले. "नाव सांगा."

कंडक्टरांनी गाडीवानांचं नाव सांगितलं.

घरी आले तेव्हा मागच्या खोलीत गाडीवान उशीला टेकून बसले होते. त्यांना कोणी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "उतारावर थांबली होती गाडी. बराच वेळ. इथपर्यंत चाकांचा आवाज येत होता, तो बंद झाला."

"झाकण पडलं."

"आणि तुम्ही?"

"बसून राहिलो."

गाडीवानांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. धान्याची खोली, धूळ असतेच. "व्याही," ते म्हणाले, "आज ऊन फार आहे."

"आहे खरं," कंडक्टर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. गाडीवान ते प्याले नाहीत. भांडं दोन्ही हातांत धरून नुसते बसले. तेही काहीतरी म्हणणंच होतं. आठ महिने आपण दारात उभे राहून काय बघत होतो, हे कंडक्टरांना सांगावंसं वाटलं, पण व्याह्याला असं काही सांगायची रीत नसते, म्हणून ते म्हणाले, "शिंगराला पाणी दाखवून येतो."

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरांनी काठी दिली. गाडीवान एक एक पाऊल टाकत अंगणात आले, शिंगराच्या मानेवर हात फिरवला, गाडीच्या फळीवर चढून बसले, दोऱ्या हातात घेतल्या. सगळं घर दारात उभं होतं. त्यांनी जीभ टाळ्याला लावली. च्क्.

शिंगराने प्रेमाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कंडक्टरांकडे पाहिलं. आणि उभं राहिलं.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. गाडीवान काही वेळ दोऱ्यांकडे बघत बसले. चाळीस वर्षं त्यांना घोड्याबद्दल कोणी काही शिकवलेलं नव्हतं. मग ते फळीवर जरा बाजूला सरकले आणि म्हणाले, "व्याही, या. मला शिकवा."

"अहो, सोपं आहे. एकदा वाजवलं की थांबायचं, दोनदा वाजवलं की चालायचं. दोन दिवसांत येईल तुम्हाला."

"दोन दिवसांत आलं म्हणजे मग तुम्ही चारच्या बसने निघणार?"

"निघायला हवंच की. चार दिवसांसाठी आलो होतो."

गाडीवानांनी पंच घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि वाजवला तो तीनदा. शिंगरू गोंधळून जागच्या जागी फिरलं. "चुकलं," गाडीवान म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी थांबायच्या जागी दोनदा वाजवलं. तिसऱ्या दिवशी पंच उलटा धरला. पंधरवडा झाला, महिना झाला. आवाजावरून घोड्याचा कुठला नाल ढिला झालाय ते सांगणाऱ्या माणसाला एक टक् आणि दोन टक् यांतला फरक काही केल्या कळेना. सून आत तोंड फिरवून हसायची. टेम्पोवाला वळणावर थांबून रोज बघायचा आणि म्हणायचा, "वय झालं हो."

"लक्षात राहत नाही," गाडीवान संध्याकाळी साज उतरवताना म्हणाले. "डोकंच चालत नाही माझं, व्याही."

कंडक्टर पट्ट्याची गाठ सोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "अवघड आहे खरं," ते म्हणाले. "घाई करून चालणार नाही. उद्या पुन्हा पहिल्यापासून घेऊ."